हजार यार्डांवरची रायफल

चाप ओढला की गोळी सुटते आणि समोरच्या कागदाला भोक पडायला सुमारे दीड सेकंद जातो. गोळीच्या हिशेबात दीड सेकंद म्हणजे फार मोठा काळ. तेवढ्यात ती ९१४ मीटर, म्हणजे हजार यार्ड कापते. वाटेत गुरुत्वाकर्षण तिला नळीच्या रेषेपासून नऊ-एक मीटर खाली ओढते. वारा बाजूला ढकलतो. हवा तिचा निम्म्याहून जास्त वेग खाऊन टाकते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्याचेही थोडे देणे तिला चुकवावे लागते. हे सगळे सोसून तिने ज्या वर्तुळात शिरायचे असते, त्याचा व्यास असतो २५ सेंटिमीटर. त्याच्या पोटात निम्म्या व्यासाचे आणखी एक वर्तुळ असते आणि गुण बरोबरीत आले की निकाल त्या आतल्या वर्तुळावर लागतो.

जगात अशी माणसे आहेत, जी ओळीने वीस गोळ्या त्या २५ सेंटिमीटरांत घालतात. त्यांची रायफल बघायला मिळाली तर बहुतेकांचा पहिला अंदाज एकच असेल: ही खूप जोरदार असणार! पण ताकदीचा इथे फारसा संबंध नाही. लांब पल्ल्याच्या स्पर्धेतला नेमबाज रायफलीत एकच गुण शोधतो, तो म्हणजे एकसारखेपणा. आज जे केले तेच उद्या, पहिल्या गोळीला केले तेच साठाव्या गोळीला. रायफल दर वेळी ठरावीक जागी चुकत असेल तरी चालते, साइट फिरवून ती चूक पुसता येते. आज इकडे, उद्या तिकडे चुकणाऱ्या रायफलीला मात्र इलाज नाही.

राणीने ओढलेली दोरी

या खेळाची सुरुवातच एका मोजमापवेड्या इंजिनिअरच्या रायफलीने झाली. २ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा भरला. पहिला बार राणी व्हिक्टोरियाने काढला. रायफल लोखंडी बैठकीवर पक्की बसवलेली होती आणि चापाला रेशमी दोरी बांधलेली होती. राणीने दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या लक्ष्यावर गोळी मध्यबिंदूपासून जेमतेम सव्वा इंचावर लागली.

ती रायफल होती जोसेफ व्हिटवर्थ यांची. स्क्रूच्या आट्यांना देशभर एकच माप असावे, हा आग्रह १८४१ मध्ये धरणारा आणि इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारे यंत्र बनवणारा हा गृहस्थ. ब्रिटिश सैन्याची तेव्हाची रायफल होती एनफिल्ड. जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ चा भडका उडाला, तीच. तिच्या नळीतल्या सर्पिल खाचा, ज्यांना आपण आटे म्हणतो, ७८ इंचांत एक पूर्ण वेढा घेत. व्हिटवर्थ यांनी मँचेस्टरमधल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली, वाऱ्याचा प्रश्न मिटवला आणि प्रयोगाला लागले. शेवटी त्यांनी षटकोनी पोकळीची, कमी व्यासाची नळी केली आणि वेढा २० इंचांवर आणला. लांबट गोळीला स्थिर ठेवायला गिरकी जास्त जोराची लागते, हे त्यांनी मोजून दाखवले. ती रायफल महाग होती, दारूच्या काजळीने तुंबायची, म्हणून सैन्याने घेतली नाही. नेमबाजांनी मात्र डोक्यावर घेतली.

विम्बल्डनचा हा मेळावा १८९० मध्ये सरेमधल्या बिस्ली गावी गेला आणि अजून तिथेच भरतो. दरम्यान अटलांटिकच्या पलीकडेही हे वेड पोचले. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर रेंजवर आयर्लंड विरुद्ध अमेरिका असा सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज. पल्ले ८००, ९०० आणि १,००० यार्ड. आयरिशांकडे तोंडाकडून ठासायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून काडतूस भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. जाणकारांच्या लेखी पैज आयरिशांच्या बाजूची होती. पण आयरिशांतल्याच एकाने भलत्याच लक्ष्याचा मध्य टिपला आणि ते गुण शून्यात गेले. शेवटची गोळी अमेरिकेच्या कर्नल बोडाइन यांची उरली. तोवर अमेरिका एका गुणाने मागे. नेमके तेव्हाच जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला. रुमाल गुंडाळून ते आडवे झाले आणि हजार यार्डांवरून मध्य टिपला. निकाल ९३४ विरुद्ध ९३१. आज लांब पल्ल्याच्या नेमबाजांत लोकप्रिय असलेल्या ६.५ क्रीडमूर काडतुसाला नाव याच रेंजचे आहे.

आधी नियम, मग रायफल

रायफल निवडायला बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: उतरणार कुठल्या प्रकारात? बिस्लीच्या परंपरेतला मूळ प्रकार म्हणजे टार्गेट रायफल. पोटावर झोपायचे, दंडाला अडकवलेल्या चामडी पट्ट्याने रायफल पेलायची, दुर्बीण नाही. मागे बारीक छिद्राची साइट, पुढे एक कडी. त्या कडीत दूरचा मीटरभराहून मोठा काळा गोल बरोबर मधोमध बसवायचा. काडतूस .३०८ किंवा .२२३, एवढीच मुभा.

दुसरा प्रकार एफ-क्लास. कॅनडातले जॉर्ज फार्कहार्सन हे त्याचे जनक. प्रकाराच्या नावातला एफ त्यांचाच. वय झाले, नजर मंदावली, पट्टा पेलवेना म्हणून खेळ का सोडायचा, या विचारातून तो निघाला. इथे रायफलीवर दुर्बीण चालते आणि पुढे टेकूही चालतो. त्याचेही दोन पोटप्रकार. एफ-टीआरमध्ये काडतूस तेच दोनांपैकी, पुढे दुपायी टेकू आणि सगळे मिळून वजन ८.२५ किलोंच्या आत. एफ-ओपनमध्ये काडतुसाला मोकळीक, पुढे भक्कम बैठक आणि वजन १० किलोंपर्यंत. टेकू आणि दुर्बीण दिली म्हणून लक्ष्यावरची वर्तुळे निम्मी केली. सुरुवातीला सांगितलेले २५ सेंटिमीटरांचे वर्तुळ एफ-क्लासचे.

म्हणजे "सगळ्यात चांगली रायफल कोणती?" या प्रश्नाला अर्थ नाही. एफ-ओपनची दहा किलोंची रायफल पट्ट्यावर पेलायला गेलात तर पहिल्या दहा गोळ्यांतच खांदा बोलू लागेल.

सहा सेकंदांचे आयुष्य

प्रकार ठरला की पैसा सर्वांत आधी नळीवर घालायचा. हजार यार्डांच्या रायफलीची नळी साधारण ३० इंच लांब आणि चांगली जाड असते. आत तेच सर्पिल आटे. .३०८ च्या स्पर्धेच्या नळीत हे आटे १२-१३ इंचांत एक वेढा घेतात. आता हिशेब करून बघा. गोळी सेकंदाला ९०० मीटरने बाहेर पडते आणि दर १२ इंचांना एक गिरकी. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २,९५० गिरक्या, मिनिटाला पावणेदोन लाखांहून जास्त! भोवरा जसा फिरतो तोवरच उभा राहतो, तशी ही गिरकी गोळीचे टोक पुढे ठेवते. लक्ष्यापर्यंत पोचेतो तिच्या चार हजारांच्या आसपास गिरक्या झालेल्या असतात. गोळी लांब आणि जड असेल तर वेढा घट्ट हवा. म्हणून नळी घ्यायच्या आधी गोळी ठरवतात.

या गिरकीची किंमतही मोजावी लागते. उजवीकडे फिरणारी गोळी हळूहळू उजवीकडेच सरकते. वारा नसला तरी हजार यार्डांवर हे सरकणे वीसेक सेंटिमीटर भरते. त्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वेगळा. उत्तर गोलार्धात तोही गोळीला उजवीकडे नेतो. बिस्लीच्या अक्षांशावर तो साडेसात सेंटिमीटरांच्या घरात येतो, तर पुण्याच्या अक्षांशावर हिशेब केला तर तीनेक सेंटिमीटर. बंदूक तीच आणि गोळी तीच, पण विषुववृत्ताच्या जवळ आले की गोळी वेगळ्या जागी! सुदैवाने हे दोन्ही सरकणे दर वेळी सारखेच असते. एकदा साइटवर घेतले की विसरून जायचे.

नळीबाबत एक हिशेब मात्र थक्क करतो. बार काढल्यावर गोळी नळीत राहते फक्त दीड मिलिसेकंद. त्या वेळात तिच्या मागचा वायू पोलाद वितळते त्याहून जास्त तापलेला असतो. दर बाराला आट्यांच्या सुरुवातीचा भाग जरासा जळतो. .३०८ ची चांगली नळी चारेक हजार गोळ्या अचूक चालते. एफ-ओपनमधल्या काही तिखट काडतुसांची नळी हजार-बाराशे गोळ्यांतच थकते. चार हजारांना दीड मिलिसेकंदाने गुणा. नळीचे कामाचे आयुष्य एकूण सहा सेकंद! तिखट काडतुसाचे तर दोन सेकंदही नाही. म्हणून अनुभवी नेमबाज रायफल घेतानाच पुढच्या नळीचे पैसे बाजूला ठेवतात. या खेळात नळी हा खर्चाचा माल आहे.

गोळीच्या निवडीमागेही असेच एक गणित आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. गोळी या वेगाच्या खाली उतरू लागली की तिच्याभोवतीच्या हवेचा दाब बदलतो आणि ती डगमगू शकते. म्हणून .३०८ मध्ये १५५ ग्रेन, म्हणजे सुमारे १० ग्रॅम वजनाची, लांब नाकाची, शेपटीकडे निमुळती गोळी लागते. ती हजार यार्डांवर पोचते तेव्हाही वेग सेकंदाला ४०० मीटरांच्या आसपास राहतो. कागदापर्यंत तिने ध्वनीच्या पुढे राहावे, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

कागदाची पट्टी

नळीनंतर पाहायचे ते तिचे घर, म्हणजे दस्ता. बार होताना नळी थरथरते. ती थरथर थांबवता येत नाही, पण दर वेळी सारखी ठेवता येते. त्यासाठी नळीने दस्त्याला कुठेही टेकायचे नाही. ती फक्त मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसते त्या पोलादी भागात घट्ट रोवलेली असते. हे तपासायची पद्धत अगदी साधी आहे. साध्या कागदाची पट्टी नळीच्या तोंडापाशी तिच्या खालून घालायची आणि मागे सरकवत न्यायची. मागपर्यंत न अडता गेली तर ठीक; मधेच अडली तर तिथे लाकूड नळीला शिवते आहे. पावसाळी हवेत लाकूड फुगते, दमट दिवशी ज्या जागी शिवते त्या जागी कोरड्या दिवशी शिवत नाही आणि गोळ्या जागा बदलतात. म्हणूनच ॲल्युमिनिअमचे आणि काचतंतूचे दस्ते आले.

एवढ्या बारीक गोष्टीला इतके महत्त्व का? नळी ३० इंचांची. तिचे तोंड एक दशांश मिलिमीटर बाजूला झाले तर हजार यार्डांवर गोळी सुमारे १२ सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे वर्तुळाच्या मध्यातून थेट काठावर. आता चाप कसा हवा हेही कळते. चाप सुटल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तो वेळ जितका कमी, तितकी हात हलायची संधी कमी. चाप हलका असण्यापेक्षा तो दर वेळी त्याच दाबाला, खरखर न करता सुटणे मोलाचे.

दस्ता अंगाला बसतो का, हे रायफल खांद्याला लावून कळत नाही. आडवे व्हायचे, रायफल लक्ष्यावर धरायची, डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचे आणि दोन-तीन श्वासांनी डोळे उघडायचे. साइट अजून लक्ष्यावर असेल तर दस्ता तुमचा. सरकली असेल तर तुम्ही स्नायूंच्या जोरावर रायफल धरून ठेवली होती आणि थकलेला स्नायू प्रत्येक गोळीला वेगळा वागतो. गालाची फळी, खांद्याची पाटी, लांबी हे सगळे मागेपुढे, वरखाली करता येणारा दस्ता महाग पडतो, पण तिथे दिलेला पैसा वाया जात नाही.

दुर्बीण घ्यायची असेल तर आधी तिची परीक्षा. एक गोळी मारायची, मग वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे आणि पुन्हा एक गोळी. पहिल्या भोकाशेजारीच ती लागली पाहिजे. काचेतून चित्र कितीही लख्ख दिसो, क्लिक परतीच्या वाटेवर चुकत असतील तर ती दुर्बीण नको.

काडतुसांनाही हीच कसोटी. गोळीचा वेग सेकंदाला १० मीटरने कमी-जास्त झाला तर हजार यार्डांवर ती २० ते २५ सेंटिमीटर खाली-वर लागते. आणि रायफल विकणारा तीन गोळ्यांचा सुरेख गुच्छ दाखवू लागला तर हात जोडून सांगा, वीस गोळ्यांचा दाखवा. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात.

वारा दुकानात मिळत नाही

एवढे सगळे जमवून उत्तम रायफल हाती आली असे समजा. ती हजार यार्डांवर आपल्या गोळ्या साधारण १३ सेंटिमीटरांच्या आत ठेवते. आता ताशी फक्त १६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा सुटू द्या. .३०८ ची गोळी सव्वादोन मीटर बाजूला जाईल. तो वारा मोजताना ताशी दीड किलोमीटरची चूक झाली, जी अंगावरच्या झुळुकीतून कळणारही नाही, तर गोळी २२ सेंटिमीटर सरकली. दहाचा नऊ झाला. रायफलीची सगळी करामत १३ सेंटिमीटरांची आणि माणसाची एक चुकलेली झुळूक २२ सेंटिमीटरांची!

म्हणून लांब पल्ल्याचे नेमबाज शेजारी वेगळी दुर्बीण ठेवतात आणि तिच्यातून लक्ष्यापेक्षा हवा बघतात. तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवा, म्हणजे मृगजळ, वाऱ्याबरोबर डावी-उजवी वाहताना दिसते. ते सरळ वर उकळू लागले की वारा थांबला असे नवखा समजतो. मुरलेला माणूस तेव्हाच सावध होतो, कारण वारा बहुधा तोंडावरून किंवा पाठीमागून येत असतो आणि जराशी दिशा बदलताच डावीकडचा उजवीकडचा होतो. बिस्लीला जुन्या पद्धतीने एकाच लक्ष्यावर दोघे-तिघे आळीपाळीने झाडतात. आपली गोळी झाली की लक्ष्य खाली जाते, खंदकातली माणसे भोकात खूण रोवून ते वर पाठवतात, मग शेजाऱ्याची पाळी. पुन्हा आपली पाळी येईतो वारा तोच असेल याची खात्री नाही. एफ-ओपनमधली जड, निमुळती गोळी हा वारा बराच कमी खाते. पण तिथे प्रत्येकाकडेच तशी गोळी असते, त्यामुळे सरशी पुन्हा वारा वाचणाऱ्याचीच.

कोल्हापूरचे ५० मीटर

आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत रायफलींचे पल्ले १०, ५० आणि ३०० मीटर. हजार यार्डांच्या तुलनेत ५० मीटर पोरखेळ वाटेल. पण तिथे दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो फक्त १०.४ मिलिमीटर. कोनाच्या मापात ते एफ-क्लासच्या हजार यार्डांवरच्या दहापेक्षाही लहान भरते! तेही टेकूशिवाय आणि दुर्बिणीशिवाय. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू रेंजवर गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकला. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद आणले होते.

या प्रकारात .२२ ची काडतुसे नेमबाज स्वतः भरत नाहीत, कारखान्याचीच वापरतात. तरी एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन लॉटांत फरक असतो. म्हणून जगातले आघाडीचे नेमबाज कारखान्याच्या चाचणी केंद्रात आपली रायफल घेऊन जातात. रायफल पकडीत बसवून एकेक लॉट झाडून बघतात आणि जो लॉट त्यांच्या नळीला मानवतो, त्याचीच खोकी उचलतात. शेजारच्या नेमबाजाच्या तशाच रायफलीला तो लॉट मानवेलच असे नाही.

मराठी वाचकाला या खेळाचे दार फार लांब नाही. भारताची नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही देशातल्या नवोदित नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता दाखवते.

तेव्हा ओढ वाटली असेल तर रायफल विकत घ्यायची घाई करू नका. शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीला परवाना लागतोच, पण तो लागला नसता तरी सल्ला हाच राहिला असता. जवळच्या नेमबाजी क्लबात जा, तिथल्या १० मीटरच्या एअर रायफलीवर नीट उभे राहायला शिका, प्रशिक्षकाचे ऐका. दोन वर्षांनी रायफल घ्यायची वेळ आली तर आधी प्रकार ठरवा, मग नळी बघा, मग अंगाला बसणारा दस्ता, आणि जे पैसे उरतील ते काडतुसांवर घाला. महागडी रायफल आणि थोडी काडतुसे यापेक्षा बरी रायफल आणि भरपूर सराव, हा सौदा नेहमीच फायद्याचा.